कड, खोली आणि बारा मिलिमीटर : अँकर बोल्टच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

जाड राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या सलग काँक्रीट पायाच्या, एका कडेने स्टीलचे चौदा कॉलम उभे राहायचेत. प्रत्येक कॉलमखाली २४ मिमीचे चार बोल्ट, ग्रेड ८.८ (जास्त ताकदीचं पोलाद), २५० बाय २५० मिमीच्या चौकोनात. बोल्ट काँक्रीटमध्ये ३०० मिमी खोल, खाली डोकं. पुढची रांग कडेपासून १५० मिमीवर. राफ्टची जाडी ९०० मिमी, काँक्रीटची सिलिंडर ताकद (दंडगोल नमुना दाबून मोजलेली) ३० मेगापास्कल. बेस प्लेट २५ मिमी जाड, तिच्याखाली ४० मिमी ग्राउट, म्हणजे फट भरणारा पातळ सिमेंट मसाला. वाऱ्यामुळे प्रत्येक कॉलम कडेच्या दिशेने ३८ किलोन्यूटनने ढकलला जाईल असं डिझाइनचा कागद सांगतो.

त्याच कागदावर ‘कडेचं अंतर १५०’ असं लिहिलंय. त्याला ना अधिक ना उणे. बोल्ट जागेपासून किती हलला तर चालेल, ते दुसऱ्याच शीटवर, ‘सर्वसाधारण टिपा’ या मथळ्याखाली बाराव्या ओळीत आहे: १० मिमी. हे दोन आकडे लिहिणारी माणसं एकमेकांशी बोलली असतील असं वाटत नाही. म्हणून ही वही.

९ जानेवारी

टॉलरन्सचे, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचे, आकडे येतात कुठून ते पाहिलं. काँक्रीटच्या टॉलरन्सची अमेरिकन संहिता, एसीआय ११७, हिची २०१० ची आवृत्ती बोल्टच्या व्यासाप्रमाणे सूट देते. एक ते दीड इंची बोल्टला तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिमी, इकडे किंवा तिकडे. आमचे १० मिमी तिथूनच आलेले दिसतात. त्याच वर्षीच्या, एआयएससी या अमेरिकन स्टील संस्थेच्या, स्टीलकामाच्या संहितेत मात्र एका गटातल्या कुठल्याही दोन बोल्टांच्या अंतरात एक अष्टमांश इंचाहून, म्हणजे तीन मिमीहून जास्त फरक चालत नव्हता. बोल्ट तेच, वर्ष तेच, पुस्तकं दोन. काँक्रीटवाला म्हणणार माझं बरोबर, स्टीलवाला म्हणणार माझी प्लेट बसत नाही. आणि दोघंही खरंच बोलत असणार. पुढे स्टीलवाल्यांनी आपले आकडे काँक्रीटवाल्यांशी जुळवून घेतले.

पण दोन्ही आकड्यांमागचा प्रश्न एकच आहे: भोकात बोल्ट शिरेल का? शिरल्यावर तो किती ओढ सोसेल, हे त्या आकड्यांत कुठेच नाही.

१२ जानेवारी

आज दिवसभर गणित. एसीआय ३१८, म्हणजे काँक्रीट डिझाइनची अमेरिकन संहिता, तिच्या पद्धतीने, काँक्रीटला तडे गेलेले धरून.

आधी या पद्धतीविषयी थोडं, कारण सगळा खेळ तिच्यातल्या घातांकाचा आहे. डोकं असलेला बोल्ट वर ओढला की काँक्रीटचा शंकू उपटून येतो. पूर्वी हा शंकू ४५ अंशांचा धरत. फुक्स, एलिगेहाउझेन आणि ब्रीन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तो साधारण ३५ अंशांचा, बराच पसरट आहे. काँक्रीटच्या पृष्ठभागाशी त्याचा पसारा बोल्टपासून खोलीच्या दीडपट जातो. शंकूचं क्षेत्रफळ खोलीच्या वर्गाने वाढतं, ताकद मात्र दीडच्या घातानेच वाढते. मोठ्या शंकूत तडा एकदम सगळीकडे न उघडता एका टोकापासून फाटत जातो, म्हणून हा फरक. कडेकडे ढकललेल्या बोल्टचंही असंच, फक्त खोलीच्या जागी कडेचं अंतर.

आता आमचा गट. वर ओढला तर चारही बोल्ट मिळून काँक्रीटची ताकद २७५ किलोन्यूटन. अख्खा गट कडेकडे १० मिमी सरकवला तर २६९. दोन टक्के. खोली ३०० ऐवजी २९० झाली तर २६८ आणि थोडं वर. तेही दोन-सव्वादोन टक्के. म्हटलं, चला, उगाच घाबरलो.

मग शिअर, म्हणजे बोल्टवर येणारं आडवं बल. पुढच्या रांगेचे दोन बोल्ट कडेचा तुकडा फोडून बाहेर पडतील ते बल: १५० मिमीला ५७.९ किलोन्यूटन. १४० मिमीला ५३.५. साडेसात टक्के गेले. ०.७ चा गुणक लावून हातात उरतात ४०.५ आणि ३७.५.

गरज ३८ ची आहे.

म्हणजे ड्रॉइंगने स्वतःच दिलेली सूट पूर्ण वापरली, तर ड्रॉइंगचंच डिझाइन नापास. कुणीही चूक न करता.

डिझाइन कार्यालयाला फोन केला. उत्तर आलं, ‘मापातले फरक त्या ०.७ मध्ये धरलेले असतात.’ खोटं नाही ते. साहित्याची ताकद आणि मापं थोडीफार कमी भरतील, हे गृहीत धरूनच तो गुणक असतो. पण कड ६० मिमीवर असो की ६०० वर, तो गुणक ०.७ च राहतो. एकट्या बोल्टचं पाहा: ६०० मिमीवरचा बोल्ट १० मिमी सरकला तर अडीच टक्के जातात, ६० मिमीवरचा सरकला तर चोवीस टक्के. एकच गुणक दोघांना कसा पुरेल? फोनवर थोडा वेळ शांतता. ‘साइटवर जरा काळजी घ्या,’ असं म्हणून फोन ठेवला.

काळजी मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत, ही अडचण आहे.

१६ जानेवारी

टेम्प्लेटवरून, म्हणजे काँक्रीट ओतताना बोल्ट जागेवर धरणाऱ्या भोकांच्या साच्यावरून, मुकादमाशी अर्धा तास हुज्जत. त्याला प्लायचं टेम्प्लेट पुरेसं वाटतं, ‘साहेब, वीस वर्षं प्लायच वापरतोय.’ प्लाय भिजलं की फुगतं, आणि भोकाची कड दोन वापरांत चुरते. मी ६ मिमीच्या पत्र्यावर अडलो. शेवटी ठरलं: वर पत्रा, खाली बोल्टांच्या डोक्यांपाशी अँगलची चौकट, दोन्ही एकमेकांना वेल्ड. नुसतं वर धरलं तर बोल्टची शेंडी जागेवर राहते, पण पाय काँक्रीटच्या लोंढ्यात सरकतो आणि बोल्ट कलतो. आणि चौकट सळयांच्या जाळ्याला बांधायची नाही, स्वतंत्र पायांवर उभी करायची. जाळ्यावर माणसं चालतात. जाळं हललं की बोल्टही हलणार.

दुपारी दुसरीच भानगड. कडेची २५ ची सळई नऊ नंबरच्या गटात बरोबर बोल्टच्या वाटेत येते. ड्रॉइंगवर दोघांमध्ये ५ मिमी फट दिसते, कारण ड्रॉइंगवर सळई २५ चीच काढलेली असते. प्रत्यक्षात फासळ्यांसकट ती २८ च्या आसपास भरते, आणि तिथे जोडाची दुसरी सळईही शेजारी आहे. बोल्ट हलवू नका म्हणालो, सळई आत घ्या. तेवढ्या टप्प्यात सळई बोल्टच्या मागून नेली. सही केली आणि पुढे गेलो.

२० जानेवारी

काँक्रीट झालं. पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंत. व्हायब्रेटरवाल्याला बोल्टपासून हातभर लांब राहा म्हणून किती वेळा सांगितलं त्याची मोजदाद नाही. आटे टेपने गुंडाळले होते, ते वाचले.

२२ जानेवारी

मोजणी. टोटल स्टेशन या सर्वेक्षणाच्या यंत्राने छप्पन्न बोल्ट, प्रत्येक बोल्टची दोन मापं: काँक्रीटलगत एक, शेंड्याला एक. सर्वेअर कुरकुरला, ‘शेंड्याचंच माप मागतात सगळे.’ पण शेंड्याचं माप सांगतं प्लेट बसेल की नाही. ताकद काँक्रीटलगतच्या मापावर ठरते. आणि दोन्हींतला फरक म्हणजे बोल्टचा कल.

अकरा गट सहा मिमीच्या आत. उरलेले तीन:

चार नंबर: बोल्ट जागेवर, पण काँक्रीटचा माथा २० मिमी खाली. लेव्हलची खूण धुऊन गेली होती म्हणे.

नऊ नंबर: गट कडेकडे ८ मिमी सरकलाय.

बारा नंबर: एक बोल्ट कडेला समांतर दिशेने कललाय. काँक्रीटपाशी ७, प्लेटच्या उंचीला १३.

नऊ नंबर सर्वेअरने हिरव्या रंगात दाखवला, कारण आठ दहापेक्षा कमी. मी टेप घेऊन गेलो आणि बोल्टच्या मध्यापासून काँक्रीटच्या कडेपर्यंत सरळ माप घेतलं. १३८. पुन्हा घेतलं. १३८.

१५० उणे ८ म्हणजे १४२ हवे. चार मिमी गेले कुठे? शटरिंग आत आलंय. शटरिंगला ६ मिमीची सूट आहे, चार तिच्या आतच. टोटल स्टेशन बोल्ट सेंटर लाईनपासून मोजतं. फुटणाऱ्या काँक्रीटला सेंटर लाईन ठाऊक नसते, त्याला कळते ती समोरची कड. बोल्ट आपल्या सुटीत, कड आपल्या सुटीत, दोन्ही खाती पास, आणि मधलं काँक्रीट १२ मिमीने कमी.

१३८ ला शिअरची ताकद ५२.७, गुणकानंतर ३६.९. हवेत ३८.

२३ जानेवारी

डिझाइन कार्यालयाकडून तत्परतेने उपाय आला. बोल्ट आणि कड यांच्यामध्ये १२ मिमीहून जाड सळई कडेने गेली असेल तर काँक्रीटची शिअर ताकद वीस टक्के वाढवून धरता येते. ३६.९ चे ४४ होतात. विषय संपला.

मी काँक्रीटच्या आतली सळई शोधणारा कव्हर मीटर फिरवला. तेरा गटांत सळई बोल्टच्या पुढे आहे. नऊमध्ये मागे.

सोळा तारखेची माझीच सही. बोल्टची जागा वाचवली आणि त्या बदल्यात त्याच्या पुढचं कुंपण काढून टाकलं. सळई आत घेताना मनात फक्त कव्हरचा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचा, विचार होता, तुकडा कुठून निघेल हा विचार शिवलाही नाही. बोल्ट जागेवरून दोन मिमी सुटला तर सगळ्यांना दिसतं. ही सळई कव्हर मीटरशिवाय कुणालाच दिसली नसती.

२७ जानेवारी

नऊ नंबरवर तीन दिवस डोकं चालवलं. बोल्ट कापून, भोकात रसायनाने चिकटणारे केमिकल अँकर बसवायचे? नवे बोल्टही त्याच कडेपाशी येणार. कडेला बाहेरून काँक्रीटची पट्टी जोडायची? जुन्या-नव्याचा जोड ३८ किलोन्यूटनला नीट धरेल हे सिद्ध करण्यातच महिना जाईल.

मग प्रश्न उलटा केला. शिअर पुढच्याच रांगेने का घ्यावा? मागची रांग कडेपासून ३८८ मिमीवर आहे. तिचं गणित केलं: १८८ किलोन्यूटन, गुणकानंतर १३२. गरजेच्या तिप्पट. पुढची रांग छत्तीसवर रडतेय आणि मागची हात बांधून बसलीय.

बांधून का? कारण शिअर कुठला बोल्ट घेणार हे ठरवतं प्लेटचं भोक. आमच्या बेस प्लेटला २४ च्या बोल्टसाठी ४२ ची भोकं आहेत, म्हणजे मध्यावर असलेल्या बोल्टभोवती ९ मिमी मोकळीक. प्लेट ढकलली गेली की ज्या बोल्टला भोकाची भिंत आधी टेकेल तो बोल्ट आधी कामाला लागतो. कुठला टेकेल ते नशिबावर, म्हणून गणितात सगळ्यात वाईट धरायचं: पुढची रांग एकटीच. पण मागच्या दोन बोल्टांवर घट्ट भोकाचे जाड वॉशर घालून ते प्लेटला वेल्ड केले, तर त्या दोघांची मोकळीक शून्य. प्लेट हलण्याआधी तेच पकडतील.

पुढच्या दोघांचं काय, तेही टेकले तर? इथे चूकच मदतीला आली. बोल्ट ८ मिमी कडेकडे सरकलेत, म्हणजे भोकात त्यांच्या कडेच्या बाजूला १ मिमी फट आणि आतल्या बाजूला १७. प्लेट कडेकडे ढकलली जाते तेव्हा भोकाची आतली भिंत बोल्टकडे येते. तिला १७ मिमी चालायचंय. आतल्या दिशेने ढकललं तर पुढचे बोल्ट लगेच लागतील, पण त्या बाजूला फुटायला कडच नाही.

हे कागदावर काढून कार्यालयाला पाठवलं. फोन आला, या वेळी दुसऱ्या बाजूला म्हातारा आवाज. ‘भोकात ग्राउट चढेल त्याचं काय?’

खरंच की. ग्राउट प्लेटखालून ओतला की भोकात वर येतो आणि घट्ट होतो. सतरा मिमीची फट म्हणजे सतरा मिमीचा कडक दगड, आणि शिअर पुन्हा पुढच्या रांगेवर. पुढच्या दोन बोल्टांना प्लेटच्या जाडीएवढ्या उंचीत मऊ फोमचा वेढा द्यायचा, असं ठरलं. वर मोकळा जाड वॉशर, वेल्ड न करता, नट हाताने घट्ट आणि त्यावर लॉकनट. ते ओढ घेतील, शिअर नाही. मागच्या दोघांवर ओढ आणि शिअर एकत्र येते, तेही तपासलं. बसतंय.

३० जानेवारी

बारा नंबरपाशी आरडाओरडा ऐकून गेलो. स्टील उभारणाऱ्या इरेक्टरच्या माणसाने कललेल्या बोल्टवर दीड मीटरचा पाइप चढवला होता आणि दोघं लोंबकळत होते. थांबवलं, पण एक झटका देऊन झाला होता.

बोल्टच्या बुडाशी काँक्रीटचा चंद्रकोरीसारखा कपचा सुटला होता. नखाने उचलला तर हातात आला: कडेला कागदासारखा पातळ, बोल्टपाशी बोटभर जाड. खाली १५ मिमीचा खळगा. बोल्ट तिथल्या तिथे किंचित वाकलाय, शेंड्याला जेमतेम दोन मिमीचा फरक पडला. म्हणजे कमावले दोन, घालवले पंधरा: आता तेवढी लांबी काँक्रीटच्या आधाराशिवाय उघडी आहे.

‘तापवून वाकवतो, मग काँक्रीटला धक्का नाही,’ इरेक्टर म्हणाला. ८.८ चा बोल्ट उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला असतो. गॅसची ज्योत लावली की तो कडकपणा त्या जागी उतरतो, आणि वरून बोल्ट पूर्वीसारखाच दिसतो. त्याला बोललो ते थोडं जास्तच झालं, संध्याकाळी चहावर मिटवलं.

तिरका बोल्ट सरळ असल्याचं सोंग आणतो. ७ आणि १३ मधला फरक ६ मिमी, साधारण ५० मिमी उंचीत. अशा बोल्टमध्ये ६० किलोन्यूटनची ओढ आली की त्यातले सातेक किलोन्यूटन आडवे होऊन काँक्रीटच्या तोंडाशी दाबतात. कल लहान असेल तर हे सोसतं. पाइपने केलेली वाक मात्र अर्ध्या उंचीत दुप्पट कल देते, आणि तीही नेमकी जिथे आधार गेलाय तिथे.

उपाय साधा होता. भोकाची मोकळीक ९, बोल्ट १३ ला. प्लेटचं ते भोक त्या दिशेला ५ मिमी लांबवायचं, ड्रिल आणि मिलिंग करून, गॅस कटरने नव्हे. वर जाड वॉशर. कल कडेला समांतर आहे, त्यामुळे कडेचं अंतर शाबूत. खळगा साफ करून ग्राउटबरोबर भरायचा.

४ फेब्रुवारी

चार नंबर. सगळ्यांना हा सर्वात निरुपद्रवी वाटतोय. ‘माथा २० खाली आहे ना, ग्राउट ४० ऐवजी ६० टाकू.’ मलाही आधी तसंच वाटलं.

बोल्ट टेम्प्लेटने उंचीत बरोबर धरले होते. काँक्रीटच खाली राहिलं, म्हणजे खोली ३०० ची २८० झाली. ओढीची ताकद २७५ वरून २६२. साडेचार टक्के, तिथे डिझाइनमध्ये जागा आहे.

खरी गोची ग्राउटच्या आधीच्या दिवसांत. कॉलम उभा करतात, खालच्या नटांवर प्लेट लेव्हल करतात, आणि ग्राउट ‘नंतर’ करतात. हा ‘नंतर’ कधी दोन दिवसांचा, कधी दोन महिन्यांचा. तेवढा काळ प्लेट चार दांड्यांवर तरंगते आणि आडवं बल आलं की बोल्ट कातरला न जाता वाकतो.

युरोकोडच्या, म्हणजे युरोपीय संहितेच्या, पद्धतीने: २४ मिमीचा ८.८ बोल्ट वाकण्यात ८९८ न्यूटन-मीटर सोसतो. प्लेट फिरणार नाही असं धरलं तर बोल्ट दोन टोकांना मिळून त्याच्या दुप्पट देतो. हाताची लांबी म्हणजे फट, अधिक प्लेटची अर्धी जाडी, अधिक बोल्टचा अर्धा व्यास, कारण काँक्रीट तोंडाशी थोडं चुरतं. ४० च्या फटीला हात ६४.५ मिमी, बोल्टमागे २७.८ किलोन्यूटन. ६० च्या फटीला हात ८४.५, बोल्टमागे २१.३. चोवीस टक्के गेले. आणि प्लेट फिरू शकत असेल तर दोन्ही आकडे निम्मे.

हाच बोल्ट प्लेट काँक्रीटला टेकलेली असताना, याच संहितेने, १४१ देतो. एसीआयच्या हिशोबात ग्राउट भरल्यावर १६९ च्या ऐंशी टक्के, म्हणजे १३५. तरंगत्या प्लेटला हा बोल्ट त्याच्या पाचव्या हिश्शाने काम करतो. डिझाइनच्या कागदावर या अवस्थेचं गणितच नाही. तिथे ग्राउट कायम भरलेलाच असतो.

इरेक्टरला सांगितलं: चार नंबरला ग्राउट होऊन पक्का होईपर्यंत कॉलमला चारही बाजूंनी दोरखंड, आणि बीम लटकवायचे नाहीत. तो म्हणाला, ‘बाकीच्या तेरांना?’ त्यांनाही दोरखंड, पण बीम चालतील. ‘फरक काय?’ वीस मिमी, म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बस.

९ फेब्रुवारी

लोखंडी जिन्याचे आणि कठड्यांचे पाय. १२ मिमीचे एक्स्पान्शन बोल्ट (छिद्रात फाकून पकडणारे), काँक्रीटमध्ये ८० मिमी. या कामाकडे कुणी लक्षच देत नाही, बोल्ट बारीक म्हणून. पण दीडचा घात लहान आकड्यांवरच चावतो. ३०० खोलीच्या सुट्या बोल्टचे १० मिमी कमी झाले तर पाच टक्के जातात. ८० चे १० गेले तर अठरा. शिवाय छिद्र पाडून बसवलेल्या बोल्टची मूळ ताकदच ओतीव बोल्टपेक्षा कमी धरतात, सूत्रात दहाच्या जागी सात.

ड्रिलवाल्याच्या बिटला खोलीची खूण म्हणून लाल टेप होती. वर ढकलली जात जात ती ७२ वर येऊन बसली होती. टेप काढून ड्रिलला खोलीचा गज लावला. दोन ठिकाणी सळई लागली म्हणून त्याने बोटभर बाजूला दुसरं भोक पाडून त्यात बोल्ट ठोकला होता, पहिलं भोक उघडंच. ते दोन्ही बोल्ट काढायला लावले. जुनी भोकं भरून, पाय पुरेसा दूर सरकवून नव्याने.

१७ फेब्रुवारी

नऊ नंबरचे मागचे दोन वॉशर वेल्ड झाले. वेल्डर चारही वॉशर वेल्ड करणार होता, ‘दोनच का, चार मजबूत नाही का होणार?’ चार केले तर कमकुवत होईल हे त्याला पटवायला प्लेटवर खडूने चित्र काढावं लागलं: कड, पुढचे बोल्ट, तुटणारा तुकडा. चित्र पाहून म्हणाला, ‘म्हणजे पुढच्या दोघांना मुद्दाम ढिलं ठेवायचं.’ अगदी तेच. युरोकोडमध्ये कडेजवळच्या बोल्टांना शिअरच्या दिशेने लांबट भोकं द्यायची सोय आहे, ती याच कारणासाठी.

फोमचा वेढा मी स्वतः बसवला. दोन पदर, वर टेप.

२४ फेब्रुवारी

ग्राउट. एका बाजूने ओतायचा, दुसऱ्या बाजूने हवा निघू द्यायची. चार नंबरला ६० मिमी, बाकी ठिकाणी ३५ ते ४५. नऊ नंबरच्या पुढच्या भोकांत टॉर्च मारून पाहिलं: फोम कोरडा.

६ मार्च

पुढच्या टप्प्याच्या राफ्टचं ड्रॉइंग आलं. त्याच म्हाताऱ्या आवाजाच्या माणसाने काढलेलं असावं, कारण अक्षर वेगळं आहे. पुढच्या रांगेपाशी कडेचं अंतर १६५ दिलंय आणि शेजारी चौकटीत: ‘गणितात १५०. बोल्टची सूट १०, कडेची ५. जास्त भरल्यास कळवावे.’ कडेची सळई बोल्टच्या पुढूनच जाईल असा छेदही काढलाय, सळईची जाडी फासळ्यांसकट.

मुकादमाने चौकट दोनदा वाचली. ‘मग शटरिंग लावू कितीवर? दीडशे की पासष्ट?’

एकशे पासष्टवर, म्हणालो. तो मान हलवत गेला आणि जाता जाता पोराला ओरडून म्हणाला, ‘पत्र्याचं टेम्प्लेट काढ रे, प्लाय नको.’